करार कुणी वाचला होता?

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला जाणार हे जाहीर झालं, तेव्हा महाराष्ट्रात उठलेला धुरळा अजून खाली बसलेला नाही. निवडणूक आली की तो पुन्हा उडतो. तुमच्या नाकर्तेपणामुळे तळेगावचा प्रकल्प गेला, असं एक बाजू म्हणते. तो जाणार हे तुमच्याच काळात ठरलं होतं, असं दुसरी म्हणते. १ लाख ५४ हजार कोटींचा आकडा दोघांच्याही तोंडी असतो. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत आहे: सवलती देऊ करण्यात आम्ही कुठेही कमी पडलो नव्हतो. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं आणि तो संयुक्त प्रकल्प तळेगावातही उभा राहिला नाही, गुजरातमध्येही नाही. भांडण तरीही चालूच राहिलं. त्या सवलती नेमक्या कोणत्या होत्या, किती वर्षांसाठी होत्या, त्यांच्या बदल्यात कंपनीने लेखी काय कबूल केलं होतं, प्रकल्प झालाच नाही तर दिलेलं परत कसं मिळणार होतं, हे प्रश्न त्या गदारोळात कुणी नेटाने लावून धरल्याचं मला आठवत नाही.

याच्या उलट टोकाचं भांडणही आपल्या ओळखीचं आहे. नाणारच्या रिफायनरीसाठी काढलेली भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर युती जुळवताना, मागे घेतली गेली. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच रिफायनरीसाठी राजापूर तालुक्यातल्या बारसूची जागा सुचवली. सत्ता गेल्यावर, एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा त्यांचाच पक्ष आंदोलकांच्या बाजूने उभा राहिला. यात मला एका पक्षाला धरायचं नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत खुर्चीबरोबर भूमिका बदलली नाही असा पक्ष या राज्यात शोधून सापडणार नाही. मला खटकतं ते हे की या सगळ्या वादांना आपण मानापमानाच्या नाटकासारखं पाहतो. कंपनी रुसून गेली, की सरकारने कंपनीला वाकवलं? कोण कुणाला भारी पडलं? एवढ्यावरच आपली चर्चा सुरू होते आणि संपते.

माझं म्हणणं असं आहे. राज्य सरकारने मोठ्या कंपनीशी भांडावं, वेळ पडली तर कडाडून भांडावं. पण त्या भांडणातून लोकांच्या पदरात काही पडायचं असेल तर मूळ व्यवहाराचा कागद पहिल्या दिवसापासून लोकांपुढे असला पाहिजे. बंद दाराआड दिलेली सवलत ही मेहेरबानी असते. मेहेरबानी राग आला की काढून घेता येते आणि मन वळलं की दुप्पट करून देता येते, कारण पहिल्यांदा ती का दिली याचा हिशेबच कुणाला दिलेला नसतो. दोन्ही वेळा पैसे भरणारा माणूस दाराबाहेर उभा असतो. हे मी पुस्तकी तत्त्व म्हणून सांगत नाही. महाराष्ट्राने याची किंमत रोख मोजली आहे आणि त्या व्यवहाराचं नाव होतं एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकी कंपनीचा कोकणातला दाभोळ वीजप्रकल्प.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने खाडी ओलांडताना तो प्रकल्प आजही दिसतो. नाव दाभोळचं पडलं, पण प्रकल्प दाभोळात नाही. दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तर काठावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. मागच्या खेपेला बोटीवर गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि कठड्याशी माझ्या शेजारी एक वयस्क बाई होत्या. पायाशी मासळीची रिकामी टोपली, तिच्यावर ओलं गोणपाट. पलीकडच्या चिमण्यांकडे बोट दाखवून मी विचारलं, हे सध्या चालू आहे का? "कधी चालतं, कधी बंद असतं," त्या म्हणाल्या, "आम्हाला कोण सांगतंय?" बोट धक्क्याला लागली आणि टोपली कमरेवर घेऊन त्या उतरल्या. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, प्रकल्पाचे मालक बदलले, सरकारं आली-गेली. पण हा प्रश्न तिथल्या तिथेच आहे.

तारखा एकदा ओळीने पाहाव्यात. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे प्रतिनिधी महाराष्ट्रात आले आणि काही दिवसांतच, २० जूनला, राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. निविदा नाहीत, दुसऱ्या कंपनीशी तुलना नाही. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला, कारण तो आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं तिचं मत पडलं. खासगीकरणाची पाठराखण करणारी ही संस्था; तिचा नकार ही धोक्याची घंटा होती. तरी ८ डिसेंबर १९९३ ला वीजखरेदीचा करार झाला. पुढच्या वर्षी त्याला राज्य सरकारची हमी मिळाली आणि तिच्या पाठीशी, राज्याने पैसे दिले नाहीत तर आपण देऊ अशी केंद्राची प्रतिहमीही उभी राहिली. करार मात्र गोपनीय होता. ज्यांच्या खिशातून पुढची वीस वर्षं पैसे जायचे होते, त्यांना तो वाचायला मिळाला नाही. याच काळात अमेरिकी संसदेच्या एका समितीपुढे कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितलं की भारतात 'शिक्षण' आणि प्रकल्पाची पूर्वतयारी यांवर आपण २ कोटी डॉलर खर्च केले. ते शिक्षण कुणाला दिलं, हे महाराष्ट्राला कधीच नीट कळलं नाही.

करारात होतं काय? त्यासाठी फार तांत्रिक व्हायची गरज नाही. घरातलं विजेचं बिल उलटून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर वीज शुल्क. आपण दिवा लावला नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. एन्रॉनच्या करारात हाच स्थिर आकार प्रचंड प्रमाणात होता. वीज मंडळाने वीज घेवो न घेवो, केंद्र तयार आहे म्हटलं की पैसे द्यायचे. समजा एखाद्या केंद्राचा वर्षाचा स्थिर खर्च १०० रुपये आहे आणि ते ९० युनिट वीज देऊ शकतं. सगळी घेतली तर युनिटमागे १ रुपया ११ पैसे स्थिर खर्च पडतो. तेवढी मागणीच नाही म्हणून ३० युनिट घेतली, तर तोच खर्च ३ रुपये ३३ पैसे होतो. इंधनाचा खर्च वेगळा. त्यात पैसे डॉलरशी बांधलेले. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. २००१ मध्ये तो ४६ च्या पुढे गेला होता. केंद्राचं इंधन असलेला नाफ्थाही महागला. पुण्याच्या प्रयास गटातल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित वेळीच मांडून दाखवलं होतं. मूठभर अभियंत्यांना कळलं ते मंत्रालयाला कळलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. ते गणित जाहीरपणे तपासून घेण्याची सक्ती मंत्रालयावर कुणी केली नव्हती.

मग १९९५ ची निवडणूक आली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही घोषणा तेव्हाच्या प्रत्येकाच्या कानावर पडलेली आहे. शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीने करार रद्द करण्याची शिफारस केली आणि ३ ऑगस्ट १९९५ ला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी तो रद्द केल्याचं जाहीर केलं. राज्य सरकार उच्च न्यायालयात गेलं. करार गैरमार्गाने झाला असा गंभीर आरोप त्याने केला. ही राज्याच्या स्वाभिमानाची उंच घटका होती. एन्रॉनच्या परदेशी प्रकल्पांच्या प्रमुख रिबेका मार्क मुंबईत आल्या, भेटीगाठी झाल्या, पुन्हा बोलणी सुरू झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये नवा सौदा जाहीर झाला. त्यात कागदावरचा दर उतरला. पण पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा होता तो ७४० चा झाला, आणि आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही आता राज्याच्या गळ्यात आला. एकूण २,१८४ मेगावॉट. न्यायालयातला दावा मागे घेतला गेला. बुडवायला निघालेला प्रकल्प आणखी मोठा होऊन परत आला. मे १९९६ मध्ये, दिल्लीतलं तेरा दिवसांचं सरकार जाता जाता, प्रतिहमीवरही नव्याने शिक्कामोर्तब झालं.

पहिल्या करारावर जो आरोप होता, तोच दुसऱ्यावर लागू होत नव्हता का? तोही जनतेपुढे ठेवून, आक्षेप मागवून, तपासून झाला नव्हता. काँग्रेस सरकारने बंद खोलीत दिलं, युती सरकारने आधी चौकात उभं राहून नाकारलं आणि मग बंद खोलीत जाऊन जास्त दिलं. ज्यांना आजही १९९५ चा निर्णय म्हणजे राज्याच्या ताठ कण्याचा पुरावा वाटतो, त्यांनी १९९६ चा करार शेजारी ठेवून पाहावा. रागाच्या भरात करार मोडता येतो. पण मोडण्याची कारणं कागदावर, आकड्यांत, सगळ्यांदेखत मांडलेली नसतील, तर तो मागच्या दाराने पुन्हा आत येतो, कारण त्याला अडवायला दारात कुणी उभं नसतं.

जे उभे होते ते गावकरी होते, आणि त्यांचं काय झालं हेही विसरता कामा नये. मृणाल गोरे, मेधा पाटकर यांच्यासारख्या कार्यकर्त्या तिथे लढल्या. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या मच्छीमारांच्या वस्तीत पोलीस घुसले. बायका-माणसांना घरांतून ओढून मारहाण झाली. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात हे नोंदवलं. प्रकल्पावर बंदोबस्ताला असलेल्या राज्याच्या पोलिसांचा खर्च कंपनी भरत होती, हेही त्यात आहे. तेव्हा सत्तेवर कोण होतं? समुद्रात बुडवण्याची घोषणा देणारेच. 'सरकार विरुद्ध कंपनी' या चौकटीत वेलदूरची पहाट बसतच नाही. तिथे सरकार आणि कंपनी एका बाजूला होते.

शेवटी एन्रॉनला खिंडीत गाठलं ते एका तांत्रिक नोंदीने. जानेवारी २००१ च्या अखेरीस वीज मंडळाने मागणी केल्यावर केंद्राला ठरलेल्या वेळात पूर्ण क्षमतेने वीज देता आली नाही. मंडळाने करारातलंच कलम लावून ४०१ कोटींची आकारणी केली. भाषण नाही, घोषणा नाही. वेळ, मेगावॉट आणि कलम. त्याच सुमारास माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने सगळी प्रकरणं तपासून अहवाल दिला, आणि तो अहवाल वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात एकाही सरकारला मोकळं सोडलेलं नाही. मे २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. त्यानंतर २००५ मध्ये प्रकल्पातले एन्रॉनचे भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांचे दावे मिटवून, एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी करावी लागली. बुडालेल्या कर्जातला मोठा वाटा देशी बँकांचा आणि वित्तसंस्थांचा होता. म्हणजे आपलाच.

आता माझ्या म्हणण्याविरुद्ध जे बोललं जातं, त्यातलं सगळंच पोकळ नाही. सर्वात वजनदार मुद्दा गुंतवणुकीच्या खात्रीचा. जी कंपनी वीस-पंचवीस वर्षांसाठी पैसा गाडते, तिला दर पाच वर्षांनी नवा मुख्यमंत्री जुना शब्द फिरवणार असेल तर ती येईल कशाला? हे खरंच आहे. सिंगूरचं उदाहरण ताजं आहे. २००६ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने टाटांच्या नॅनोसाठी ९९७ एकर जमीन संपादित केली, आंदोलन पेटलं, ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडलं. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपादनच बेकायदा ठरवून जमीन शेतकऱ्यांना परत करायला सांगितलं. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये लवादाने टाटा मोटर्सला ७६५ कोटी ७८ लाख रुपये आणि त्यावर ११ टक्के व्याज द्यायचा आदेश राज्याच्या औद्योगिक महामंडळाला दिला. शेतकऱ्यांचा न्यायालयात विजय झाला, कंपनीचा लवादापुढे झाला. हरलं ते राज्याचं कोषागार. म्हणजे करार मोडण्याची किंमत असते, आणि ती मोडणारा मंत्री भरत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण यातून काय सिद्ध होतं? सिंगूरमध्ये संपादन कोसळलं, कारण शेतकऱ्यांचे आक्षेप नीट ऐकून, विचारात घेऊन निर्णय झालाच नव्हता. पहिल्या दिवशी जी चौकशी टाळली, तिचा जाब दहा वर्षांनी द्यावा लागला. आणि एन्रॉनकडे खात्रीची काय कमतरता होती? राज्याची हमी होती, केंद्राची प्रतिहमी होती, परदेशातल्या लवादाची तरतूद होती. एवढ्या गाठी मारूनही तो करार सुटला. कारण ज्यांनी पैसे भरायचे त्यांना तो कधी पटवून दिलेलाच नव्हता. कंपन्यांच्या सल्लागारांनी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. सगळ्यांसमोर तावूनसुलाखून झालेला करार पुढच्या सरकारला मोडणं अवघड जातं, कारण मोडण्याची कारणंही त्याला सगळ्यांसमोरच द्यावी लागतात. खात्री हवी असेल तर उजेड कंपनीच्याही फायद्याचा आहे.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे, आणि तो माझ्या जास्त जवळचा आहे. लोकांनी एका मुद्द्यावर मत दिलं, सरकार बदललं, तर आधीच्या सरकारने केलेल्या सौद्याला नव्याने बांधून घ्यायचं का? पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या माणसाला पंचवीस वर्षांची सही करण्याचा अधिकार कुणी दिला? लोकशाहीच्या बाजूने विचारलेला हा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. १९९५ च्या सरकारला एन्रॉनचा करार तपासण्याचा, रद्द करण्याचाही, पूर्ण अधिकार होता. पण कौल मिळाला तो व्यवहार उघडा करण्यासाठी. लोकांनी मत दिलं होतं ते करार नव्याने, आणखी मोठा, आणि तसाच झाकून करण्यासाठी नव्हे. कौलाचा आधार घेऊन एक दार उघडायचं आणि त्याच कौलाच्या आडून दुसरं बंद करायचं, याला मी जनादेश म्हणणार नाही.

तिसरा युक्तिवाद व्यवहारी लोकांचा. राज्याराज्यांत स्पर्धा आहे. आपण काय देतो ते उघड केलं तर शेजारचं राज्य एक रुपया जास्त देईल आणि प्रकल्प नेईल. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण इथे जरा थांबून विचार करा. या लिलावात सगळ्या बोल्या कुणाला माहीत असतात? कंपनीला. तिचे अधिकारी तीन राजधान्यांत फिरतात, तिन्ही मुख्यमंत्र्यांची पत्रं त्यांच्या पिशवीत असतात. माहीत नसतं ते राज्यांना, आणि त्यांच्या करदात्यांना. म्हणजे गुप्ततेने राज्याचं संरक्षण होत नाही, बोली चढवायला कंपनीला मदत होते. सिंगूरहून निघालेल्या नॅनोला गुजरातने साणंदला जागा दिली आणि ०.१ टक्का व्याजाने कर्ज दिलं. वाणसामानाच्या दुकानदाराला, दूध संघाला, विणकराला या व्याजाने कर्ज कधी मिळेल? साणंदलाच २०२३ मध्ये मायक्रॉनचा चिप-जुळणीचा प्रकल्प जाहीर झाला. २७५ कोटी डॉलरच्या त्या प्रकल्पात निम्मा खर्च केंद्राचा, २० टक्के राज्याचा. कंपनीचे जास्तीत जास्त ८२ कोटी ५० लाख डॉलर. शंभरातले सत्तर रुपये जनतेचे. हे धोरण बरोबर असेलही. चिपचा उद्योग देशात रुजवायला एवढं मोल देणं योग्य आहे असं मानणारे जाणकार आहेत आणि त्यांचं म्हणणं मी ऐकायला तयार आहे. पण सत्तर रुपये घालणाऱ्याला गुंतवणूकदार म्हणायचं की नाही? आणि गुंतवणूकदाराने करार वाचायला मागितला तर त्याला विकासविरोधी ठरवायचं का? कंपनीचं तंत्र, तिची सूत्रं, तिची यंत्रं खुशाल गुप्त राहू देत. सरकारी तिजोरीतून जाणाऱ्या पैशाला व्यापारी गुपित म्हणता येणार नाही.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९६७ मध्ये डिस्नेला तिच्या जमिनीपुरता जवळजवळ स्वतःचा कारभार बहाल केला होता. रस्ते, बांधकाम परवाने, अग्निशमन, सगळं कंपनीच्या हातातल्या खास जिल्ह्याकडे. पंचावन्न वर्षं कुणाला ते फारसं खुपलं नाही. २०२२ मध्ये शाळांतल्या शिक्षणाविषयीच्या एका कायद्यावर कंपनीने टीका केली आणि राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी तो अधिकार काढून घ्यायची मोहीम उघडली. खटले झाले, २०२४ मध्ये तडजोड झाली. एका खासगी कंपनीला इतके अधिकार असावेत का, हा प्रश्न रास्तच होता. पण तो पंचावन्न वर्षं विचारला गेला नाही आणि विचारला तेव्हा टीकेची शिक्षा म्हणून विचारला. मर्जीने दिलेलं मर्जी खप्पा झाल्यावर गेलं. तिथेही लोकांना मधल्या मधे फक्त बघ्याची भूमिका मिळाली.

याउलट जिथे लोकांना नुसतं बघ्यासारखं ठेवलं गेलं नाही, तिथली उदाहरणं पाहा. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात वेदांताच्या कारखान्यासाठी बॉक्साइट काढायचं होतं. राज्य सरकार कंपनीच्या बाजूने होतं. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. बारा गावांत ग्रामसभा झाल्या, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, आणि बाराही गावांनी नकार दिला. तो नकार आजवर टिकला आहे, सरकारं कुणाचीही असोत. केरळमधल्या प्लाचिमाडात कोका-कोलाच्या कारखान्याने विहिरी आटल्या, पाणी बिघडलं म्हणून आदिवासी बायका २००२ मध्ये दारात बसल्या. मयिलम्मा त्यांच्या पुढे होत्या. पेरुमाट्टी पंचायतीने परवाना नाकारला आणि मार्च २००४ मध्ये कारखाना बंद झाला तो कायमचा. एक छोटी पंचायत जे टिकवू शकली, ते महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ १९९५ मध्ये पाच-सहा महिनेही टिकवू शकलं नाही, याचा विचार करायला हवा. मात्र प्लाचिमाडाची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे: राज्याच्या समितीने २१६ कोटींहून अधिक नुकसान काढलं, विधानसभेने २०११ मध्ये भरपाई न्यायाधिकरणाचं विधेयक एकमुखाने मंजूर केलं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते परत आलं. उघडेपणाने सगळंच मिळतं असा माझा दावा नाही.

आणि 'लोकोपयोगासाठी' हा शब्द ऐकला की मला मुळशी आठवते. १९२१ मध्ये टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी मुंबई सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळ्यांच्या जमिनी घेतल्या, तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. वीज मुंबईला हवी होती, हे खोटं नव्हतं. भात खाचरं मुळशीकरांची होती, हेही खोटं नव्हतं. त्या दोन खऱ्या गोष्टींमधला निवाडा मुळशीकरांना न विचारता झाला होता, आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांना तो निवाडा शंभर वर्षांनंतरही न्याय्य वाटत नाही.

मग करायचं काय? अमुक रकमेपेक्षा मोठी सवलत ज्या कंपनीला द्यायची, तिचा मसुदा मंत्रिमंडळापुढे जाण्याआधी संकेतस्थळावर टाकावा, मराठीत, परिशिष्टांसकट. विधिमंडळात त्यावर चर्चा व्हावी. कबूल केलेले रोजगार उभे राहिले नाहीत तर सवलत परत घेण्याचं कलम त्यात असावं आणि ते वसूल झालं की नाही याचा दरवर्षी हिशेब द्यावा. करार रद्द करायचा तर तेही कारणांसकट, लेखी. यात क्रांतिकारक काही नाही. यातला काही भाग आपण एन्रॉनच्या जखमेतून आधीच शिकलो आहोत. १९९८ चा वीज नियामक आयोगाचा कायदा झाला, १९९९ मध्ये महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला आणि आता वीजदर ठरायच्या आधी जनसुनावणी घ्यावी लागते. विजेच्या बाबतीत जे जमतं ते जमिनीच्या, पाण्याच्या, करमाफीच्या बाबतीत न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

अशा एका सुनावणीला मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. सभागृह अर्धं रिकामं. कंपनीच्या बाजूला लॅपटॉप, वकील, अधिकारी. ग्राहकांच्या बाजूला दहा-पंधरा माणसं, बहुतेक निवृत्त. त्यांतले एक गृहस्थ उठले. हातातल्या फाइलला सुतळी बांधलेली होती, ती सोडायला त्यांना वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. त्यांनी दरप्रस्तावाचं पान सांगितलं, तक्त्याचा क्रमांक सांगितला आणि विचारलं, गेल्या वर्षीच्या तक्त्यात वीजगळतीचा आकडा वेगळा होता, मग या वर्षी मागच्याच वर्षाचा आकडा बदलला कसा? अधिकारी आपापसांत कुजबुजले. त्यांतले एक म्हणाले, याचं उत्तर लेखी देऊ. गृहस्थ खाली बसायला लागले, तेवढ्यात आयोगाच्या अध्यक्षांनी मान वर केली आणि अधिकाऱ्यांना विचारलं, किती दिवसांत?